रविवारचं पाणी

दोघी सख्ख्या बहिणी एकाच संशोधन संस्थेत कामाला होत्या. ताईची स्वतंत्र खोली होती, दारावर पाटी होती. धाकटी त्याच विभागात, विभागप्रमुख मॅडमच्या हाताखाली डॉक्टरेट करत होती. पेशी म्हणजे काय हे तिला पहिल्यांदा ताईनंच दाखवलं होतं, लहानपणी, कांद्याचा पापुद्रा भिंगाखाली धरून. तेव्हापासून ताई म्हणेल ते खरं, अशी तिची समजूतच होऊन बसली होती.

खारट पाण्यात रोपं तग कशी धरतात, हा धाकटीचा विषय. पेशीच्या आत अगदी बारीक पिशव्या असतात आणि त्या सामानाची ने-आण करतात. मुळांवाटे मीठ आत शिरलं की या पिशव्या ते पेशीच्या मधल्या कोठारात नेऊन टाकायला मदत करतात, म्हणजे बाकीच्या पेशीला त्रास होत नाही. ही ने-आण सांभाळणारं एक जनुक धाकटीनं काही रोपांत जास्त जोरानं चालू केलं होतं. "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय?" असं आईनं विचारलं, तर ती म्हणायची, "हमाल वाढवलेत गं."

पहिल्या खेपेला खारट पाण्यावर सगळीच रोपं माना टाकून बसली. धाकटीचं जेवणावरून मन उडालं. ताईनं तिची समजूत काढली, परत पेरायला लावलं आणि म्हणाली, "शनिवार-रविवार तू घरी थांब. पाण्याचं मी बघते."

दुसऱ्या खेपेला साधी रोपं वाळली आणि हमाल वाढवलेली हिरवीगार राहिली. शोधनिबंध छापून आला. मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्याच जनुकावर मोठा प्रकल्प मंजूर झाला आणि त्याची प्रमुख झाली ताई. घरी आईला कोणत्या लेकीचं कौतुक आधी करावं ते कळेना.

पुढच्या निबंधासाठी धाकटीला मुळांच्या पेशींचे फोटो हवे होते. सुट्टीचं पाणी अजूनही ताईच घालायची. एका सोमवारी सकाळी धाकटीनं नव्या खेपेतली हिरवी रोपं उपटली आणि मुळं मायक्रोस्कोपखाली ठेवली. पिशव्या हिरव्या चमकतील अशी सोय तिनं आधीच करून ठेवलेली होती. मिठाचा मारा झालेल्या पेशीत त्यांची कोठाराभोवती झुंबड उडायला हवी होती. इथे त्या इकडेतिकडे निवांत विखुरलेल्या होत्या, साध्या पाण्यावरच्या रोपात असतात तशा. तिनं दुसरं मूळ घेतलं, मग तिसरं. सगळीकडे तोच प्रकार.

ती उठून काचघरात गेली. वाळलेल्या रोपांखालच्या ट्रेमधल्या पाण्यात बोट बुडवून तिनं जिभेला लावलं. खारट. हिरव्या रोपांखालचं पाणी फिकं होतं. काचघराची किल्ली ताई आणि ती, दोघींकडेच असायची. तरी आठवडाभर ती स्वतःलाच समजावत राहिली, की आपलंच काहीतरी चुकतंय.

रविवारी दुपारी ती न सांगता गेली. ताई नळाचा पाइप धरून उभी होती. हिरव्या रोपांच्या कुंड्यांतून पाणी भळाभळा खाली वाहत होतं. मीठ घातलेला कॅन बाजूला तसाच भरलेला होता.

ताई दचकली नाही. तिनं नळ बंद केला.

"जेवत नव्हतीस तू तेव्हा," ती म्हणाली. "बघवत नव्हतं मला."

"आणि प्रकल्प?"

"तो नंतर आला."

"नंतर आला, तरी धुतच राहिलीस."

ताई पाइप गुंडाळायला लागली. "जनुक बरोबर आहे, छोटे. आज ना उद्या सिद्ध होणारच होतं. मी फक्त थोडी घाई केली."

"मी लोकांसमोर उभी राहून बोलले, ताई. हे सगळं खरं आहे म्हणून सांगितलं त्यांना."

"तू खोटं नाही बोललीस. तुला माहीतच नव्हतं."



दुसऱ्या दिवशी धाकटी मॅडमच्या खोलीत गेली. जाण्याआधी तिनं ताईला कळवलं होतं. तिला वाटलं होतं, ताई येईल आणि स्वतःच सांगेल. ताई आली. शांतपणे खुर्चीत बसली.

"हिरव्या रोपांसाठी तिनं भरून ठेवलेल्या कॅनमधलंच पाणी मी घालत होते," ती मॅडमना म्हणाली. "पहिली खेप फसल्यापासून ती फार खचली होती. मीठ घालायचं विसरली असेल. तिला रागावू नका."

'तिला रागावू नका' म्हणताना ताईचा आवाज मऊ झाला. लहानपणी धाकटीच्या भाजलेल्या हातावर फुंकर घालताना व्हायचा तसा. धाकटी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. पाइप हातात असलेली ताई तिनं पाहिली होती, तरी त्या आवाजानं क्षणभर तिलाही वाटून गेलं, की खरंच आपण विसरलो असू.

"मी विसरले नाही," एवढंच ती म्हणाली.

मॅडमनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. खरं कोणाचं, हे त्यांनी ठरवलंच नाही. निबंध मागे घेतला गेला आणि कारण दिलं गेलं, पहिल्या लेखिकेच्या, म्हणजे धाकटीच्या, हातून झालेली चूक. प्रकल्प थांबला. ताई दुसऱ्या विभागात गेली. तिथेही तिच्या दारावर पाटी लागली.

धाकटीनं वेगळी खोली मागितली, कुलूप बदलून घेतलं आणि सगळं पहिल्यापासून पेरलं. सुट्टीच्या दिवशीही पाणी तीच घालायची. या वेळी पेशीत पिशव्यांची झुंबड उडाली. कोठाराभोवती हिरवं कडंच तयार झालं. ते बघून तिला रडू आलं. रोपं मात्र वाळली. साध्या रोपांपेक्षा थोडी उशिरा, पण वाळली. एका जनुकाच्या जोरावर एवढं मीठ पेलणारं नव्हतं. तिनं तसंच लिहिलं.

आईनं एकदा दोघींना मुद्दाम एकत्र जेवायला बोलावलं.

"परत केलास म्हणे प्रयोग," ताई म्हणाली. "काय झालं रोपांचं?"

"मेली."

"पण उशिरा ना? म्हणजे माझं बरोबरच होतं."

धाकटीनं हातातला घास ताटात ठेवला. ताईच्या डोळ्यांत खरोखरच आशा होती आणि तीच तिला सहन होईना. ती आईकडे वळली.

"मी निघते, आई," ती म्हणाली आणि ताट उचलून आत घेऊन गेली.