झाडांच्या वाटचं पाणी

ओहायोतून निघताना आईने मला ना दागिना दिला, ना भांडं. तिच्या बागेतल्या सफरचंदाची वीतभर रोपं दिली, ओल्या मातीने भरलेल्या खोक्यात. "ऑरेगॉनला पोचलीस की दारात लाव. पहिलं फळ धरलं की कळव. पोरगी रुजली असं समजेन," म्हणाली. माझ्या नवऱ्याने, हायरमने, खोकं आमच्या बैलगाडीच्या मागच्या फळीवर बांधलं आणि स्वतः गाठी मारत म्हणाला, "थर्झा, ही आता माझी पोरं."

नदी मागे पडली आणि खारवट माळ लागला. तिथल्या डबक्यांतलं पाणी प्यायलं की बैल आडवे होत. आमच्या गाड्यांच्या तांड्याच्या कप्तानाने पाण्याची पिंपं आपल्या ताब्यात घेतली. माणशी सकाळ-संध्याकाळ एकेक पेला, झाडांना थेंब नाही. मग मी माझ्यातला अर्धा पेला राखायला लागले. पोटुशी होते, उंच फळीवर चढवत नव्हतं, म्हणून पेला हायरमच्या हाती द्यायचे. तो गाडीमागे जाई आणि रिकामा पेला घेऊन परत येई.

"प्यायली का?"

"घटाघटा प्यायली गं!"

जीभ टाळूला चिकटलेली असायची, तरी मला हसू यायचं.

शेजारच्या गाडीतली ऑर्फाकाकू तोंडाची मोठी फटकळ. एका दुपारी चालता चालता म्हणाली, "अगं, अख्ख्या तांड्याचे ओठ फुटलेत. तुझ्या नवऱ्याचे बघ, लोणी चोपडल्यासारखे! कुठली गाय दूध देते गं त्याला?"

बायका हसल्या. मीही हसले, आणि हसता हसताच हायरमच्या ओठांकडे नीट बघितलं.

गाड्या थांबल्यावर काकूचा खांदा धरून फळीवर चढले. मातीत बोट खुपसलं. वरपासून तळापर्यंत नुसती राख. एक रोप धरलं, तर ओढायच्या आधीच हातात आलं.

हायरम बैलांचं जू काढत होता. माझ्या हातातली काडी बघूनच त्याला कळलं.

"बैल मी हाकतो," तो म्हणाला. "मी पडलो असतो तर गाडी कोणी नेली असती? तुझ्या झाडांनी?"

"मागितलं असतंस तर दिलं असतं रे. अख्खा पेला दिला असता."

"मागायची लाज वाटली."

"आणि खोटं बोलायची?"

तो जू उचलून पुढे गेला. त्याच्या तहानेचा मला राग नाही, तेव्हाही नव्हता. तहानलेल्या माणसाचं काय घेऊन बसायचं? पण त्या 'घटाघटा'वर मी वेड्यासारखी हसायचे, ते काही केल्या विसरता येत नाही.

आता आमचं घर आहे, पाळण्यात पोर आहे, हाकेवर नदी आहे. आईला अजून काही कळवलेलं नाही. त्या वाळलेल्या काड्या मी दारासमोर एका ओळीत लावल्यात. संध्याकाळी हायरम शेतावरून आला की त्याच्या देखत एकेकीला पेलाभर पाणी घालते.

परवा तो वैतागला. "अगं, मेलेली झाडं कधी पाणी पितात का?"

"पितात की," मी म्हटलं. "घटाघटा."