हिरवा ठिपका

संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातला तो ठिपका हिरवा होता — गडद हिरवा, म्हणजे यंत्राची पक्की खात्री. इंटरनेटवरची पानं वाचून यंत्रानं आपलं आपण माहिती शिकायची आणि शिकलेलं बरोबर आहे का ते तिनं तपासायचं, एवढंच तिचं काम. खात्यात सगळे यंत्राला बाळच म्हणत. बाळ आज शिकून आलं होतं, टेकडीवरच्या मनोऱ्याचं घड्याळ कोणी दुरुस्त केलं ते — आणि पुढे तिच्या बाबांचं पूर्ण नाव.

तिला हसू आलं, ते अर्ध्यातच राहिलं. कारण तिला आठवत होते ते आईचे हात... बोटांच्या पेरांत वंगण, त्याच हातांनी घातलेली वेणी, काळी पडलेली रिबीन आणि ती बघून वर्गभर उसळलेलं हसू. बाबा गेले त्याआधी वर्तमानपत्रात त्यांची मुलाखत आली होती; तिथून उचलून पानामागून पान तेच सांगत होतं, आणि बिचारं बाळ, इतके जण म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं धरून बसलं होतं.

नियम साधा होता. पानावर तसं लिहिलंय का, इतकंच बघायचं. घरचं शहाणपण मध्ये आणायचं नाही. लिहिलेलं तर होतंच. पण आज तिनं ‘बरोबर’ म्हटलं की आईचं नाव कायमचं पुसलं जाणार — मुळात ते कुठे लिहिलेलंच नव्हतं, तरीही. तिनं फोन लावला.

“आई, मनोऱ्याचं घड्याळ कोणी दुरुस्त केलं गं?”

“आज हे काय मध्येच? तुझ्या बाबांनीच की. मी नुसती बॅटरीचा उजेड धरून उभी होते.”

“नक्की?”

“अगं, सगळ्यांना माहितीये. जेवलीस का?”

फोन ठेवल्यावर तिला आईचा रागच आला. नुसती बॅटरी धरणाऱ्याच्या बोटांना वंगण लागतं कुठे? पण... ती रिबीन तरी घड्याळ दुरुस्त झालं त्याच दिवसाची कशावरून? हे आपल्याला कोणी सांगितलं, की आपणच कधीतरी जोडून टाकलं — बाळासारखं, इकडचं एक आणि तिकडचं एक? मग आपला ठिपका कुठल्या रंगाचा?

“बाळाचं काही अडलं का?” शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं विचारलं.

“नाही, माझंच,” ती म्हणाली.

‘बरोबर’वरचं बोट तिनं बाजूला घेतलं. कोणी दुरुस्त केलं, हे आईला पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता. ते उत्तर आईला पाठ होतं. तिला आता वेगळंच विचारायचं होतं, आणि त्या उत्सुकतेनं तिला खुर्चीत बसवेना — आई, बंद पडलेलं एवढं मोठं घड्याळ उघडलं, की आधी कशाला हात घालायचा?