मंगळवारची हजेरी

पत्र वाचून ब्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘मंगळवारच्या एकत्र जेवणांना आपली हजेरी अकरापैकी दोन. किमान नऊ आवश्यक. सबब पुढील वर्षी या मजल्यावर आपल्याला खोली देता येणार नाही.’

दोन म्हणे! पहिले दोन मंगळवार ती टेबलाशी बसली होती. मग मेसमध्येच काम मिळालं आणि पुढचे नऊच्या नऊ मंगळवार ती तिथेच होती, फक्त काउंटरच्या पलीकडे, केसांवर जाळी चढवून आणि हातात डाव घेऊन. मजल्यावरच्या प्रत्येकाला तिनंच वाढलं होतं.

इंजिनिअरिंगला मुली कमी, आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं त्याहून कमी. अशांना एकटं पडू देऊ नये म्हणून विद्यापीठानं वसतिगृहात हा मजला काढलेला. ब्रिया आयोवातल्या एका डुकरं पाळणाऱ्या गावची, बाप ट्रक चालवणारा. मेकॅनिक्सच्या पहिल्या चाचणीत तिला शंभरात अठरा पडले होते. मजल्यावरची मुलं रोज रात्री तिला घेऊन बसली, म्हणून आता साठ पडत होते. ही मुलं सुटली तर पुढच्या वर्षी आपण गटांगळ्या खाणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

ती तडक मजल्याचं काम बघणाऱ्या डॉ. वेस्टरलुंड बाईंकडे गेली. बाई फार गोड बोलायच्या. तेच तर दुखणं होतं.

“तुझं अगदी बरोबर आहे, ब्रिया. हा मजला खरं तर तुझ्यासारख्यांसाठीच आहे.”

“मग मला का काढताय, मॅडम?”

“काढत नाही गं. नियम आहे. एकीला सूट दिली की सगळेच मागतात.”

“काउंटरवरच माझं कार्ड स्कॅन करा ना. दहा फुटांवर तर असते मी.”

“हजेरी म्हणजे नुसतं असणं नव्हे. टेबलाशी बसायचं, मन मोकळं करायचं.”

“मग जेवण रविवारी ठेवा. बाकीचे दिवस मला प्रॅक्टिकल असतं, काम मंगळवारीच जमतं.”

“आम्ही मत घेतलं होतं सगळ्यांचं. सगळ्यांना मंगळवारच हवा होता.”

“कधी घेतलंत?”

बाईंनी कागद चाळले. “मंगळवारी. जेवताना.”

ब्रियाला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. ती बाहेर पडली.

सत्राच्या शेवटच्या, बाराव्या मंगळवारी मजल्याचा प्रमुख कॅमडेन ताट घेऊन काउंटरशी आला. तिसऱ्या वर्षाचा, सालस पोरगा. “टेबलावर तुझी उणीव भासते गं,” तो म्हणाला.

ब्रियानं डाव खाली ठेवला. हातमोजे काढले, शेजारी वाढणाऱ्या ग्लेंडाला “पाच मिनिटं सांभाळ” म्हणाली आणि जाऊन टेबलाशी बसली. कॅमडेननं हौसेनं तिचं कार्ड स्कॅन केलं. “झाली की तिसरी!”

त्या दिवशीचा विषय होता, ‘इथे कुणाला परकं वाटतं?’ एकेक जण बोलत तिची पाळी आली.

“एल्डन ग्रेव्ही घेत नाही,” ती म्हणाली. “साफिया डुकराचं खात नाही, तिच्यासाठी मी डाव वेगळा ठेवते. कॅमडेनला कडेचे करपलेले बटाटे लागतात. नऊ मंगळवार वाढतेय मी तुम्हाला. ही इथे का बसत नाही, असं एकानं तरी विचारलंत? मला तुमच्यातच राहायचंय रे. तुमच्याशिवाय मी नापास होईन.”

साफियानं मान खाली घातली. कॅमडेनचे तर डोळेच भरून आले.

“किती महत्त्वाचं बोललीस,” तो म्हणाला. “हे आपण वार्षिक अहवालात घालू या? नाव नाही टाकणार.”

“आणि खोली?”

“ती कालच दिली गं दुसऱ्या एकाला. त्याची हजेरी पूर्ण होती.”

ब्रिया उठली. जाळी सारखी करत म्हणाली, “नाव टाक. ब्रिया हॅन्सगार्ड, हजेरी तीन. आणि बटाटे हवे असतील तर रांगेत ये.”