निर्वाणाचा काय संबंध?

चिन्मयनं माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाला, "काकू, फक्त इथे सही." मी चष्मा लावला, पहिलंच वाक्य वाचलं आणि कागद त्याच्याकडे परत सरकवला.

वाक्य इंग्रजीत होतं. त्याचा अर्थ असा, की निर्वाणा नावाच्या बँडनं अमेरिकेत जी ठिणगी टाकली ती थेट हैदराबादला, काचीगुड्यात येऊन पेटली, आणि १९९३ साली तीन मराठी पोरांनी तिचा जाळ एका कॅसेटवर रेकॉर्ड केला. त्या तीन पोरांतली एक मी. ड्रम्सवर. आता वय वर्षं त्रेपन्न, पोटापाण्यासाठी शाळेत गणित शिकवते, गुडघे कुरकुरतात. आणि मी म्हणे कुणाच्या तरी ठिणगीचा जाळ.

"सही नाही करणार," मी म्हटलं.

चिन्मय पुण्याचा, सत्तावीस वर्षांचा. गच्चीबावलीला कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात विसरलेल्या बँडची गाणी शोधून त्यांच्या रेकॉर्ड काढतो, पूर्वी असायच्या तशा काळ्या, गोल. पोरगा गुणी आहे. आमची कॅसेट त्याला अफझलगंजला एका रद्दीवाल्याकडे मिळाली, तेव्हापासून तो आमच्या मागे लागला होता. आमचा गिटारवाला आणि गायक किशोर आता बंगळुरूला असतो, त्यानं सही केली होती. बेस वाजवणाऱ्या गौतमनंही केली होती. राहिले होते मी. हा मजकूर असलेलं कव्हर शुक्रवारी सकाळी छापायला जाणार होतं, आणि आज गुरुवार होता.

"काकू, काय खटकलं? तुमचं कौतुकच केलंय."

"कौतुक त्यांचं केलंयस. आम्ही नुसते वाणसामान नेणारे हमाल."

तो हसला, मग मी हसत नाहीये हे बघून थांबला. मोबाइल काढून मला समजावू लागला. एक, आमच्या गाण्यात कडवं अगदी हळू आणि ध्रुपदाला एकदम धडाका, ही निर्वाणाची खासियत. दोन, गिटारच्या सहाही तारा अर्ध्या सुरानं उतरवलेल्या, तेही तसंच करायचे. तीन, गळा कसा, थकलेला आणि चिडलेला. "आज जगात जिथे जिथे कुणी गॅरेजमध्ये गिटार उचलतं ना काकू, तिथे तिथे ते आहेत. त्यांच्यानंतर सगळं बदललं."

"सगळं?" मी म्हटलं. "माझं काय बदललं? ऐक. तीन तर त्यांचे अल्बम. चांगले होते, नाही म्हणत नाही. पण हळू-मग-जोरात ही युक्ती त्यांनी शोधली? त्यांच्या गायकानंच सांगून टाकलं होतं, की ती मी दुसऱ्या एका बँडकडून उचलली. तो बिचारा सांगून गेला, तुम्ही तरी ऐका की. पण नाही. तीस वर्षं झाली तरी कुणी कुठेही मोठ्यानं ओरडलं, की पावती त्यांच्याच नावानं फाडायची. उद्या म्हणाल, माझा प्रेशर कुकर आधी गप्प बसून मग शिट्टी मारतो, तोही त्यांच्यामुळेच."

"मग तुमच्याकडे कुठून आलं?"

त्यानं साधं विचारलं. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि विचारू नये अशीच माझी सोय मी करून ठेवली होती.

सांगितलं त्याला. काचीगुड्याला स्टेशनच्या मागे आमची गल्ली. तिथे मंडळाच्या खोलीत दर गुरुवारी बायकांचं भजन असायचं. ते चालवायच्या गंगूमावशी, गंगूबाई हंबर्डे. नांदेडकडच्या शेतकरी घरातल्या, नवरा रेल्वेत, शिक्षण चौथी. स्वतः भजनं रचायच्या, स्वतः चाली लावायच्या. मी त्यांची ढोलकीवाली, वयाच्या अकराव्या वर्षापासून. मावशींची पद्धत ठरलेली. कडवं त्या एकट्या म्हणायच्या, इतकं हळू, की बाहेरून मालगाडी गेली तर शब्द बुडायचे. ढोलकीवर नुसती बोटं. आणि ध्रुपद आलं की मावशी मान वर करायच्या, आणि चौदा बायका झांजा घेऊन तुटून पडायच्या. खिडकीच्या काचा वाजायच्या. पलीकडचे रझाकभाई दुकानातून ओरडायचे, "क्या बाई, छप्पर उडा देते क्या."

"आणि तारा?" चिन्मयनं विचारलं.

"मंडळाची पेटी जुनी. आतले सूर सगळे सारखेच उतरलेले, बरोबर अर्ध्यानं. दुरुस्त करू या म्हटलं की मावशी म्हणायच्या, 'नक्को, माझ्या गळ्याला आता हीच सवय झाली.' किशोर गिटार घेऊन तिथेच यायचा, रियाजाला दुसरी खोली कुठे होती आम्हाला? सूर लावायला समोर दुसरं काही नाही, मग त्यानं त्या पेटीवरच लावली. त्याला वाटायचं बरोबरच लागलीय. पुढे चार वर्षं तो तशीच लावत होता. आम्ही पहिल्यांदा स्टुडिओत गेलो तेव्हा तिथला माणूस म्हणाला, ही गिटार आजारी आहे का."

चिन्मय आता लिहून घेत होता. मी थांबले नाही. कॅसेटवरचं पहिलं गाणं, ज्याच्यासाठी तो एवढा वेडा झाला होता, ते मावशींचं भजन होतं. 'कुणी नाही आलं तरी मी उभी.' किशोरनं शब्द इंग्रजी केले, मी ढोलकीचं ड्रमवर नेलं, चाल जशीच्या तशी. हे त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात. किशोरच्या मामेभावानं निर्वाणाची कॅसेट आणली ती त्या वर्षीच्या दिवाळीला. आम्ही ऐकली, आवडली, आणि किशोर म्हणाला होता, "अरे, हे तर मावशींसारखंच करतात."

"पण काकू," चिन्मय म्हणाला, आणि मोबाइलवर एक फोटो उघडून माझ्यापुढे धरला. त्याचा चेहरा पडला होता. "हे मला किशोरसरांनी पाठवलं. म्हणून तर मी तसं लिहिलं."

कॉलेजच्या स्पर्धेचा फॉर्म होता, चौऱ्याण्णवचा. बँडचं नाव, वाजवणारे, गाणी कुणी केली, कुणाचा प्रभाव. गाणी: किशोर, गौतम, रंजना. प्रभाव: निर्वाणा, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, खाली दोन रेघा. अक्षर माझं.

आता लपवून काय करायचं? लिहिलं होतं मी. फॉर्म घ्यायला बसलेल्या मुली कशा होत्या ते मला अजून आठवतं, कापलेले केस, फाडफाड इंग्रजी. त्यांच्यासमोर मी लिहिणार होते होय, की आमचं गाणं नऊवारीतल्या, चौथी शिकलेल्या बाईच्या भजनाचं आहे? मला लाज वाटली. पेन थबकलं आणि मग मी निर्वाणा लिहिलं, कारण त्या महिन्यात सगळे तेच लिहीत होते. आम्ही दुसरे आलो. त्यानंतर जो भेटेल त्याला किशोर तेच सांगत राहिला, आणि मी ऐकत राहिले. जगानं त्यांना डोक्यावर घेतलं म्हणून मी इतकी वर्षं दात खाते, पण काचीगुड्यात ते काम माझ्याच हातानं झालं होतं. तो अमेरिकेतला मुलगा कुणाचं घेतलं ते सांगून तरी मोकळा झाला. मी तेवढंही केलं नाही.

"मावशी आहेत अजून?" चिन्मयनं विचारलं.

"आहेत. मलकपेठेत, सुनेकडे. त्र्याऐंशी वर्षांच्या. आजही गुरुवारी भजन असतं, मी आजही ढोलकी वाजवते."

"त्यांनी हे गाणं ऐकलंय?"

"नाही."

 मी पर्स उचलली. "चल," म्हटलं, "पाच वाजता सुरू होतं."

चादरघाटच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. रिक्षात मला दोनदा वाटलं, उतरून परत जावं. सही करून टाकली तर कुणाला कळणार होतं? मावशींना इंग्रजी येत नाही. रेकॉर्ड घेणारे पुण्या-मुंबईचे नाहीतर परदेशातले. पण रिक्षा मी थांबवली नाही.

दार सुनेनं, योगिनीनं उघडलं. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, समोर पेटी. बाकीच्या बायका अजून यायच्या होत्या. "आज लौकर आलीस," त्या म्हणाल्या. "आन हे लेकरू कोन?"

"मावशी, तुम्हाला एक ऐकवायचंय. आधी ऐका, मग मला काय बोलायचं ते बोला."

चिन्मयनं मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. गाणं सुरू झालं. किशोरचा तेविसाव्या वर्षीचा आवाज, हळू, इंग्रजीत. मावशींची बोटं पहिल्या ओळीलाच गुडघ्यावर चालू लागली. दुसरी ओळ. ध्रुपदाच्या आधी, आवाज वाढायच्या आधी, त्यांनी मान वर केली. मग धडाका आला. त्या हलल्या नाहीत. गाणं पूर्ण होईपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"तिसऱ्या ओळीला घाई केलीस," त्या म्हणाल्या. "तिथं थांबायचं सांगितलं होतं तुला."

"हो."

"कवाचं हाय हे?"

"त्र्याण्णवचं. मावशी, याची रेकॉर्ड निघतेय. आणि चाल तुमची आहे हे मी कुणाला सांगितलं नाही. उलट मी लिहून दिलं, की हे एका अमेरिकन बँडवरून सुचलं."

"का म्हून?"

 चिन्मय जमिनीकडे बघत होता. मावशींनी वाट बघितली. त्यांना वाट बघता येते.

"लाज वाटली," मी म्हटलं. "तुमची."

योगिनी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मावशींचा चेहरा उतरला, ते मला दिसलं, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "बत्तीस वर्सं," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी येतीस. माझ्या हातचं खातीस. माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला तू मला धरून बसली होतीस. आन ह्ये पोटात ठेवून बसायलीस?"

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं, पण नेहमीसारखा पदर पुढे केला नाही. बरोबरच होतं त्यांचं.

चिन्मय चाचरत म्हणाला, "आजी, मी मागच्या बाजूला लिहितो ना. गंगूबाई हंबर्डे यांचे विशेष आभार."

"आभार?" मावशी त्याच्याकडे वळल्या. "आभार पानी आनून देनाऱ्याचे मानतेत. माझं गानं हाय. वर लिही. शब्द पयले माझे होते, चाल माझी, कुटं जोरात म्हनायचं ते मी शिकवलं. त्या अमेरिकेच्या पोराचं नाव काढून टाक. त्यानं मला काही शिकवलं न्हाई."

"आजी, खरं सांगतो, त्यांचं नाव असलं की लोक घेतात. नुसतं काचीगुड्याचं भजन म्हटलं तर कुणी ऐकणार नाही."

"मग नको ऐकू दे. मी काय कुणी आलं म्हून गायले का कधी?"

 चिन्मयनं खिशातून पेन काढलं, कागदावरचं पहिलं वाक्य खोडलं, दुसरंही खोडलं आणि विचारलं, "हंबर्डे कसं लिहायचं?" योगिनीनं सांगितलं.

"आन अजून एक," मावशी म्हणाल्या. "हिचं नाव ऱ्हाऊ दे. वाजवलंय तिनं, चांगलं वाजवलंय. पन खाली लिही, की हे गानं माझं हाय हे हिला म्हाईत होतं, आन हिनं बत्तीस वर्सं सांगितलं न्हाई."

चिन्मयनं माझ्याकडे बघितलं. "काकू, एवढं छापायची गरज..."

"छाप," मी म्हटलं. "मावशी सांगतील तसंच."

तिथूनच किशोरला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं. आधी तो हसला, मग म्हणाला, "वेड लागलं का तुला, रंजना? मी पाच मुलाखतींत निर्वाणा सांगितलंय, माझं काय होईल?" मी म्हटलं, "तुझंही नाव त्याच ओळीत घालतोय."  त्याच्या मागे बंगळुरूची वाहतूक ऐकू येत होती. मग त्यानं विचारलं, "मावशी तिथेच आहेत का?" मी हो म्हटलं. "मग घाल," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी सही केली. तोवर बायका येऊ लागल्या होत्या. मी कोपऱ्यातली ढोलकी घेतली आणि माझ्या जागेवर, मावशींच्या उजव्या हाताला जाऊन बसले. त्यांनी पेटीवरून हात उचलला.

"तिथं न्हाई," त्या म्हणाल्या. "आज मागं बस. पुडच्या गुरुवारी बघू."

मी उठले आणि मागे जाऊन बसले. त्यांनी गाणं सुरू केलं, तेच, मूळ शब्दांत. तिसऱ्या ओळीला मी थांबले.