महाराजांच्या शालीतलं तेज

तळमजल्यावरच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत आला होता. मधोमध महाराज डोक्यावरून जाडजूड शाल ओढून बसले होते आणि शालीच्या आतून निळसर उजेड झिरपत होता.

"तेज आहे ते!" वहिनी कुजबुजली. "ध्यान लागलं की चेहऱ्यावर येतं."

ताई म्हणजे वहिनीची नणंद. शाळेत संगणक शिकवायची, सुट्टीत माहेरी आली होती. ती काही बोलणार तेवढ्यात शालीतून आवाज आला, "दुसरा मजला! बाळ पाळण्यात रडतंय आणि आजी खुर्चीत खुशाल घोरतायत!"

दुसऱ्या मजल्यावरची आई धावत सुटली. दोन मिनिटांत रडकं बाळ कडेवर घेऊन परतली आणि तिने महाराजांचे पायच धरले.

"भिंती तुम्हाला," महाराज म्हणाले. "आम्हाला नाहीत. आम्ही इकडे बसतो आणि तिकडे असतो. तिकडे असतो तेव्हा इकडे नसतो!"

ताईला हसू फुटलं असतं, पण वर चौथ्या मजल्यावर अप्पा, तिचे वडील, सुजलेले पाय उशीवर ठेवून पडले होते. आठवड्यापूर्वी महाराजांनी वहिनीला सांगितलं होतं, "तुमचे सासरे हृदयाच्या गोळ्या गिळत नाहीत, उशीच्या अभ्र्यात लपवतात." अभ्रा झटकला तर खरंच सहा गोळ्या पडल्या. मग काय! "त्यांचं शरीरच औषध नाकारतंय. बंद करा. आमचं भारलेलं पाणी द्या." तेव्हापासून पाणीच चालू होतं.

"वहिनी, अगं निदान डॉक्टरांना तरी विचार!"

"वन्सं, डॉक्टरांना उशीतलं दिसलं का? ह्यांना दिसलं."

दिसलं होतं हे तर खरंच. मग दिसलं कसं? ताईने शेजाऱ्यांकडे सहज म्हणून चौकशी सुरू केली. महाराज तुम्हाला काय म्हणाले? कुठल्या खोलीतलं म्हणाले? एकाला बैठकीतलं सांगितलं होतं, एकीला पाळण्याजवळचं, एकाला पुढच्या दारातलं. स्वयंपाकघरातलं मात्र कुणालाच नाही. वहिनीचं दूध त्या आठवड्यात दोनदा उतू गेलं, त्याचा महाराजांना पत्ताच नव्हता.

आणि स्वयंपाकघरात कुणाकडेच कॅमेरा नव्हता.

म्हातारी माणसं, लहान मुलं घरात एकटी, म्हणून इमारतीत बहुतेकांनी कॅमेरे बसवले होते. बसवणारा एकच, आणि तळमजल्यासकट सगळ्या मजल्यांना इंटरनेटचं जाळंही एकच. ताईने लॅपटॉप उघडून जाळ्यावर काय काय जोडलंय ते पाहिलं. कॅमेऱ्यांची ही भली मोठी यादी! तिने अप्पांच्या खोलीतल्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर कंपनीने छापलेला, सगळ्यांना सारखाच असलेला पासवर्ड त्या कॅमेऱ्याला दिला. कॅमेरा निमूट उघडला. बसवणाऱ्याने तो बदललाच नव्हता. बाकीच्या घरांतही त्याने हेच केलं असणार. पण दुसऱ्याच्या घरात डोकावून खात्री करणं तिला पटेना.

"अप्पा, एक काम कराल?"

"मी आता कसलं काम करणार बाई?"

"टीव्ही लावायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गर्दीत उभी राहिली. "महाराज, आमच्या अप्पांच्या खोलीत आत्ता काय चाललंय, सांगता?"

शाल डोक्यावर गेली. तेज फाकलं. महाराज क्षणभर गडबडले, मग आवाज चढला, "पोपट! हिरवागार पोपट! फांदीवर बसून पेरू खातोय! मुली, हा साधा पक्षी नव्हे. तुझी गेलेली आई परत आली आहे!"

वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सासूबाई!" म्हणत ती जिन्याकडे पळाली, तिच्यामागे अर्धी गर्दी.

वर ना पोपट, ना फांदी. कॅमेरा टीव्हीच्या पडद्याला जवळजवळ चिकटवून ठेवलेला, पडद्यावर पक्ष्यांचा कार्यक्रम, आणि पलंगावर अप्पा रिमोट हातात घेऊन खुसुखुसु हसत होते.

मंडळी खाली आली तेव्हा ताईने वाट अडवून धरली होती. "महाराज, शाल काढा."

"ध्यानभंग होईल!"

दुसऱ्या मजल्यावरच्या आईने बाळ आजीकडे दिलं आणि शाल खसकन ओढली. मांडीत मोबाइल, मोबाइलवर सहा चौकोन. एका चौकोनात पोपट अजून पेरू खात होता. दुसऱ्यात रिकामा पाळणा.

"माझी खोली..." ती आई एवढंच म्हणाली. मग महाराज चपला घालायलाही थांबले नाहीत, पळतच सुटले.

दुपारभर ताई घराघरांत गेली. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने नवा पासवर्ड घालायला लावला, कॅमेऱ्यांचं जाळं वेगळं केलं, आणि कोणाला बघायची परवानगी आहे ते घरच्यांनाच ठरवायला लावलं. "कुलूप विकत घेतलंत, पण किल्ली त्यालाच लटकत ठेवली होती," ती सांगायची. "चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढं विचारा, हे याला कळलं कुठून? आणि काय कळत नाही?"

संध्याकाळी डॉक्टर येऊन गोळ्या पुन्हा सुरू करून गेले. वहिनी पलंगाच्या कडेला बसली. "अप्पा, पण गोळ्या लपवत का होता तुम्ही?"

अप्पा ओशाळले. "त्या घेतल्या की सारखं लघवीला जावं लागतं गं. दर वेळी तुलाच उठवायचं जिवावर यायचं."

"मग सांगायचं नाही का मला?"

"तू विचारलंस कधी?" अप्पा म्हणाले. "महाराजांना विचारत होतीस."