थुंकीचा नेम

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे, आणि मला माणसाच्या थुंकीची मनस्वी किळस येते. आधीच सांगून टाकलेलं बरं.

खाणीतून काढून मला तासलं, घासलं, लाकडी चौकट ठोकली. १९५१ साली अरुणाच्या वडिलांनी मला पेठ वडगावच्या बाजारातून कोल्हापुरात आणलं. अरुणा तिसरीत होती. तिचं टपोरं अक्षर पाहून लोक माझंही कौतुक करत. पण काही चुकलं की पचकन थुंकी आणि वर तळहात! चिंच चघळलेली, शेंगदाणे खाल्लेली थुंकी. शी! वाळली की असा वास सुटे, की फुटून जावंसं वाटे.

दत्तोपंत गुरुजी थुंकीला पाच छड्या देत. पोरं छड्या खात, हात चोळत आणि गुरुजींची पाठ फिरली की पुन्हा थुंकत. शेवटी गुरुजीच वैतागले. म्हणाले, "आता नेम तुम्हीच करा, शिक्षाही तुम्हीच ठरवा."

वर्गातला बाळासो ताडकन उठला. "जो थुकंल त्याला पाटी चाटाय लावा की."

वर्ग खिदळला.

"आणि उद्या तूच विसरलास तर?" गुरुजींनी विचारलं.

बाळासोनं डोकं खाजवलं. "मग जो थुकंल त्यानं सगळ्यांच्या पाट्या हौदावर धुवायच्या," तो म्हणाला. सगळ्यांनी हात वर केले.

आठवडाभर मी सुखात होते. मग एके दिवशी अरुणाचं गणित तपासताना गुरुजींनी सवयीनं बोट जिभेला लावलं आणि माझ्यावरचा चुकलेला आकडा पुसला. तंबाखूची थुंकी! घाणेरडा, चिकट, पिवळा डाग. अरुणा पेचात पडली. बोलावं तर छडी, गप्प बसावं तर नेम बुडाला.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "तुमीबी थुकी लावलासा."

गुरुजी लालबुंद झाले. त्यांचा हात छडीकडे गेलेला मी पाहिला. तिथंच तो थांबला. मग त्यांनी धोतर खोचलं, चाळीस पाट्या तीन खेपांत हौदावर नेल्या आणि उकिडवं बसून एकेक धुतली. बाळासो मदतीला धावला, तर म्हणाले, "जाग्यावर बस. ही माझी शिक्षा आहे."

पुढं अरुणा वहीत लिहू लागली. तेव्हापासून मी माळ्यावर पडून आहे, अंगावरून पाली फिरतात, त्यांचीही किळस येते. माझं राहू द्या. पण मित्रांनो, तुमच्या वर्गातही नेम असतील. ते कुणी ठरवले आणि गुरुजींना लागू आहेत का, एवढं उद्या उभं राहून विचारा.