डोंगराची मालकी

एनोकला डोंगर फोडता येत नव्हता. साधा नारळही त्याला एका घावात फोडता येत नसे. पण आंब्रिम बेटाच्या त्या टोकाला शेंबड्या पोरापासून मुखियापर्यंत सगळ्यांची पक्की खात्री होती, की मारुम या ज्वालामुखीच्या आगीची दोरी एनोकच्या हातात आहे. ही खात्री त्याने स्वतःच्या तोंडाने विकत घेतली होती.

सहा वर्षांपूर्वी डोंगराने राख आणि आंबट पाऊस ओतला आणि गावातलं सगळं अळू करपून गेलं. आंब्रिमवर असलं काही आपोआप होत नसतं. कुणीतरी ते केलेलं असतं, कारण कुणाचं तरी कुणाशी बिनसलेलं असतं. नाकामालात, गावच्या बैठकघरात, सगळे जमले, कावाच्या मुळांचं गुंगीचं पेय करवंट्यांतून फिरलं आणि जो तो शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागला. एनोक नेहमीसारखा मागे, दाराशी बसला होता. दोन करवंट्या पोटात गेल्या की बाकीची माणसं शांत होतात, याला मात्र कंठ फुटला. उभा राहून म्हणाला, "मी केलं. मला कायम दाराशी बसवता म्हणून."

एक डुक्कर दंड झाला. ते डुक्कर एनोकने मारक्या बैलाची मिरवणूक काढावी तसं सगळ्या गावातून नेलं. दुसऱ्या दिवसापासून त्याची जागा मुखियाशेजारी. पहिली करवंटी त्याला. डोंगर शांत राहिला की लोक त्याच्या दारात कंद आणून ठेवत, आणि डोंगर बहुतेक वेळ शांतच असतो, एवढं शहाणपण एनोकला होतं. बायको जिवंत असती तर तिने भर बैठकीत त्याचा कान धरून घरी नेलं असतं. ती नव्हती, म्हणून तर एवढं फावलं.

खरं काय ते त्याच्या आज्याकडे होतं. आज्यापाशी मंत्रबिंत्र काही नव्हता, आठवण होती. म्हातारा राखेत बोट न उचलता नकाशा काढायचा. वरचं राखेचं मोठं पठार, त्यात मारुम आणि बेनबो ही दोन तोंडं, आणि तिथून समुद्राकडे उतरणाऱ्या आगीच्या वाटा. पश्चिमेची, जिने मिशनचं हॉस्पिटल गिळलं. मग राखेचं ते वर्ष, जेव्हा माणसांना जहाजात घालून दुसऱ्या बेटांवर नेलं. आणि एक आग्नेयेची, जमिनीखालून येणारी. म्हातारा सांगायचा, डोंगरावरचा तांबडा उजेड विझला तर नाचू नका, आग मेलेली नसते, खाली चालत निघालेली असते. हे सगळं ऐकताना एनोकचं लक्ष खेकड्यांच्या बिळांकडे असायचं.

त्या डिसेंबरात तो उजेड विझला. जन्मापासून बघितलेला आभाळातला लाल डाग नाहीसा झाला. गाव खूश. एनोकने विझवला, म्हणून लोकांनी त्याला चटई दिली आणि एक लठ्ठ कोंबडा दिला. एनोकने दोन्ही घेतलं. आज्याचं बोलणं त्याला आठवलं ते कोंबडा शिजत आल्यावर, आणि आठवल्यावरही त्याने आधी कोंबडा खाल्ला. हे तो पुढे स्वतःला कधी माफ करू शकला नाही.

मग जमीन हलायला लागली. तिसऱ्या सकाळी त्याच्या मुलीच्या, मेरिअमच्या, घरातून भेग गेली, मांडीएवढी रुंद. किनाऱ्यावरची पोवळी पाण्याबाहेर येऊन वाळायला लागली. राजधानी विलाहून होडी घेऊन एक सरकारी बाई आल्या. त्यांनी यंत्रं लावली आणि तूर्त बेटाच्या उत्तरेला चला म्हणाल्या. पुढे काय होईल, हे त्यांनाही सांगता येईना. लोक हलेनात. कंद नुकतेच लावलेले, डुकरं कुठे सोडायची, नाताळ तोंडावर, आणि मुख्य म्हणजे एनोक होता ना! सगळ्यांत हट्टी मेरिअम. तिने भेगेवर चटई टाकली, शेजारी चूल मांडली आणि पाच महिन्यांच्या पोराला तिथेच झोपवलं.

"माझे बाबा असताना मी कशाला पळू?" ती बाईंना म्हणाली.

 एनोक तडक नाकामालात गेला आणि कावा न पिता, शुद्धीत, सगळं ओकला. डोंगर माझं ऐकत नाही, मागेही ऐकला नव्हता, पुढे बसायला मिळावं म्हणून थाप मारली होती.

लोक त्याच्याकडे कौतुकाने बघायला लागले. खऱ्या जाणत्याने असंच बोलायचं असतं, असं एक म्हातारा म्हणाला. मुखिया ओबेद मात्र चिडला. "या भेगेचा दंड चुकवायला बरं सुचतंय तुला, एनोक. त्या वेळचं डुक्कर काय आम्ही हिसकावून नेलं होतं?"

एनोक खाली बसला आणि त्याने राखेत आज्याचा नकाशा काढला. अर्धामुर्धा, दोनदा चुकून. आग्नेयेची वाट काढत बोट पुढे नेलं आणि ते बरोबर मेरिअमच्या चुलीखाली जाऊन थांबलं. त्याने वर बघितलं. लोक माना डोलवत होते. बघा, याला सगळं ठाऊक आहे, मग हा भेगही बुजवेल.

खरं बोलून भागत नव्हतं. एनोकला खरं बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे ते जमलंही नसेल. तो उभा राहिला.

"बरं, मीच आणलंय. आणि मी थांबवणार नाही. जो इथे राहील तो जिवानिशी जाईल."

"का?" ओबेदने विचारलं. "आता तर तू पुढे बसतोस."

कारण हवं होतं. एनोकने सगळ्यांचे चेहरे बघितले. कोंबडा देणारे, कंद आणणारे. एकावरही त्याला राग काढता येईना. एवढ्यात पोराला कडेवर घेऊन मेरिअम दारात आली, आणि भेग तिच्याच घरातून गेली होती, हे त्याला आठवलं.

"हिने पोराला सासऱ्याचं नाव दिलं," तो म्हणाला. "माझं नाही दिलं."

 हे सगळ्यांना पटलं. ओबेदने तिथल्या तिथे निकाल दिला. दंड म्हणून मोलाचं, सुळ्यांचं डुक्कर द्यायचं, आणि हा माणूस पुन्हा आपल्यात राहायला नको. मग लोक घरांकडे धावले, चटया गुंडाळल्या, डुकरं मोकळी सोडली. दुपारपर्यंत गाव होड्यांत चढलं. सहा वर्षं मानाने जे साधलं नव्हतं ते भीतीने दोन तासांत साधलं, आणि एनोकला वाटलं, आपण उगाच त्या पुढच्या जागेसाठी डुक्कर घालवलं.

शेवटच्या होडीत त्याला बसवलं, सगळ्यांपासून दूर, सामानाजवळ. मेरिअम त्याच होडीत होती. पाणी अजून गुडघाभर होतं. ती सरकत त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही खोटं बोललात ना? माझ्या घरावर तुम्ही आग कशी आणाल? तसं असेल तर सांगा, मी आत्ता उतरते. चूल तशीच पेटती ठेवून आलेय."

पोर एनोकच्या बोटाशी खेळत होतं. त्याने बोट सोडवून घेतलं.

"खरं तेच बोललो," तो म्हणाला. "नाव मनाला लागलं माझ्या."

 मेरिअम उठली, पोराला घेऊन होडीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. इंजिन सुरू झालं. एनोक त्या पाठीकडे बघत रडत होता, आणि निदान ती पाठ होडीत आहे, असं स्वतःला समजावत होता.